एक टक्क्याची रेघ

मूत्रपिंड अचानक मंदावले की पहिला प्रश्न असा: त्याला रक्त कमी पोचते आहे, की त्याच्या नलिकाच जखमी झाल्या आहेत? पहिल्या स्थितीत सलाइनने रुग्ण सुधारतो; दुसरीत तेच पाणी फुप्फुसांत साचू शकते. यासाठी एस्पिनेल यांनी 1976 साली एक कसोटी मांडली. गाळल्या गेलेल्या सोडियमपैकी एक टक्क्याहून कमी लघवीत उतरले तर पहिली स्थिती, अधिक उतरले तर दुसरी. कल्पना मोठी सुरेख आहे. कोरडे पडलेले शरीर मीठ राखून ठेवते, जखमी नलिकेला ते जमत नाही.

आमचा आक्षेप आहे तो ही रेघ सर्वांना सरसकट लावण्याला. दहावीच्या वर्गातही हे फळ्यावर मांडता येईल. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 170 लिटर द्रव गाळतात. लिटरमागे 140 मिलिमोल धरले तर जवळपास 24,000 मिलिमोल सोडियम गाळले जाते. आहारातले 150 मिलिमोल, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम मीठ, बाहेर टाकायला त्याचा 0.6 टक्का पुरतो. आता जुन्या विकाराने गाळणी पाचव्या हिश्श्यावर आली असे समजा. गाळलेले सोडियम 4,800, मीठ मात्र तेवढेच. टक्का तीनवर जातो, आणि नवी इजा तर काहीच नाही!

हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद शिजवण्याची कामे चालतात. अशा कामावरचा, मूत्रपिंड आधीच दुबळे असलेला मजूर जुलाबाने कोरडा पडला आणि त्याचा टक्का दीड आला, तर रेघ म्हणेल नलिका जखमी. वस्तुतः तिनाचे दीड झाले आहेत. शरीर मीठ राखतेच आहे. सलाइन नाकारले जाईल ते नेमके याला. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर सोडियमचा आकडा आणखीच फसवतो.

पट्टीवरच्या प्रथिनाचेही तेच. जुन्या रुग्णाच्या लघवीत ते बहुधा आधीपासून असते, मग आजच्या रंगावरून नवे काय कळणार?

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे मातकट तपकिरी साचे मात्र नलिकांच्या इजेची बरीच खात्रीची खूण आहेत. पण त्यासाठी लघवी ताजी हवी. आणि तुलनेसाठी जुना क्रिएटिनिनचा कागद हवा. नांदेडला रुग्ण नेताना तो घरच्या पिशवीतच राहतो.