विरलेली गाठ आणि अर्धा मथळा

‘प्रतिजैविकांनी कर्करोग बरा’ हा मथळा खोटा नाही, अर्धा आहे. १९९३ मध्ये वॉदरस्पून आणि सहकाऱ्यांनी जठराच्या माल्ट लिम्फोमा या दुर्मिळ गाठीच्या सहा रुग्णांमधला हेलिकोबॅक्टर जिवाणू औषधांनी घालवला. पाच जणांची गाठ ओसरली. का? जिवाणूविरुद्ध उठलेल्या टी-पेशी गाठीतल्या बी-पेशींना वाढायला चिथावत होत्या. जिवाणू गेला, चिथावणी संपली. (वर्गात सांगावे ते हेच!) पण ११ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेल्या गाठी बहुधा दाद देत नाहीत. जठराचा नेहमी आढळणारा कर्करोग तर निराळाच. जिवाणू मारून तो विरत नाही. मथळा हे सारे गिळतो. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मुक्काम ठोकलेल्या नातेवाइकाने तो वाचला, तर तो आधी औषधाचे दुकान गाठेल, बायॉप्सीचा अहवाल मागेल नंतर.