जुलियाना, एक्स-टू आणि परक्या कलमांचा इमरान

प्रेमकथा आणि गुप्तहेरकथा यांचा संसार एका पुस्तकात सहसा सुखाचा होत नाही. गुन्हेगार सापडला की एक संपते, मने जुळली की दुसरी. दोन्ही शेवट एकाच प्रकरणात बसवायला गेले की लेखकाची धांदल उडते आणि बहुधा प्रेमाचाच बळी जातो. उर्दूत इब्ने सफी यांनी या पेचातून एक वाट काढली होती. त्यांच्या चाहत्यांनी आणि नकलाकारांनी त्या वाटेचे पुढे काय केले, हा आमचा विषय.

बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या वाचकांसाठी थोडी ओळख. इब्ने सफींचे मूळ नाव असरार अहमद, जन्म १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातील नारा गावचा. १९५२ मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले आणि १९८० मध्ये कराचीत वारले. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद ही त्यांची पहिली जोडी. १९५५ मध्ये ‘खौफनाक इमारत’पासून अली इमरान आला. विलायतेत डॉक्टरेट मिळवलेला, च्युइंगम चघळणारा, बापाने घराबाहेर काढलेला. दिसायला मूर्ख. हा मूर्खच पुढे गुप्त खात्याचा अदृश्य प्रमुख ‘एक्स-टू’ होतो, आणि हे त्याच्या हाताखालच्या माणसांना ठाऊक नसते.

त्या माणसांत जुलियाना फिट्झवॉटर आहे. मूळची स्विस. एक्स-टूचा चेहरा तिने पाहिलेला नाही. टेलिफोनवरचा करडा आवाज एवढीच तिची त्याच्याशी ओळख, आणि त्या आवाजावर तिचा जीव जडलेला. समोर बसून टवाळी करणाऱ्या इमरानचा तिला संताप येतो, मग तोही आवडू लागतो, आणि मधूनच मनात येते की हे दोघे एकच तर नसतील? संशय बळावला की इमरान डाव टाकतो. ब्लॅक झीरोला एक्स-टू बनवून तो स्वतः साळसूदपणे बाजूला उभा राहतो.

रचनेचे मर्म इथे आहे. वाचकाला सर्व ठाऊक आहे. रहस्य लपवले आहे ते प्रेम करणाऱ्या स्त्रीपासून. कादंबरीतला गुन्हा शेवटच्या पानावर सुटतो, हे मात्र पुढच्या पुस्तकावर जाते. म्हणून प्रेमाला घाई करावी लागत नाही.

उर्दूत फक्त लैंगिक मजकूरच खपतो, असे एका बैठकीत कुणी म्हणाले आणि त्याला उत्तर म्हणून आपण गुप्तहेरकथेकडे वळलो, असे इब्ने सफींनी सांगितले आहे. यावरून त्यांना ‘साफसुथरा लेखक’ अशी पावती देऊन अनेक जण मोकळे होतात. आम्हाला ती पावती अपुरी वाटते. घरात सर्वांसमोर वाचता यावे एवढ्यापुरता हा संयम नव्हता. जुलियाचे प्रेम टिकते ते गुपित टिकल्यामुळे. गुपित फुटले तर मालिकेचा कणाच मोडेल.

चाहते मात्र अधीर असतात. ‘पेशरस’ या नावाने इब्ने सफी जी प्रस्तावना लिहीत, तिच्यात ते वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत, कुणाची फिरकी घेत, कुणाला दटावत. वाचक आणि लेखक यांच्यातली अशी जवळीक उर्दूत तरी आम्हाला क्वचितच दिसली. १९६० ते १९६३ या काळात मानसिक आजारामुळे त्यांची लेखणी थांबली, तेव्हा रिकाम्या बाजारात ‘सफी’ शेपूट जोडलेली नावे उगवली. कुणी एन. सफी, कुणी आणखी काही. १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन मूळ लेखक परतला, तरी नकला थांबल्या नाहीत.

यात आम्ही फरक करतो. वाचकाला फसवण्यासाठी मिळतेजुळते नाव लावणे ही चोरी आहे. मुलतानच्या मजहर कलीम यांनी (निधन २०१८) इमरानच्या शेकडो कादंबऱ्या लिहिल्या, पण स्वतःच्या नावाने. त्याला चोरी म्हणणे आम्हाला जड जाते. आपली दास्तानाची परंपरा तरी काय आहे? ‘तिलिस्मे होशरुबा’चे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. पात्रे कुणा एकाच्या मालकीची नव्हती. कलीम यांच्याविषयी आमची तक्रार वेगळी आहे. त्यांचा इमरान हरतच नाही, आणि जुलिया-तन्वीर-इमरान यांची छेडछाड पुस्तकागणिक त्याच जागी, त्याच चवीने परत येते. मूळ कथेत जे दुखत होते ते इथे खुशमस्करी होते.

पात्रांची नावे बदलून माल खपवण्याचाही इतिहास आहे. ‘ट्वायलाइट’च्या एका चाहतीने तीच जोडी घेऊन लिहिलेली कथा नावे बदलून ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ म्हणून २०११ मध्ये आली आणि जगभर खपली. आपल्याकडे इब्ने सफींच्या हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. नायक विनोद आणि त्याचा थट्टेखोर साहाय्यक हमीद, ही वाटणी आमच्या मनाला आजही टोचते.

खारदांड्यात आम्ही ज्या मुलींना उर्दू शिकवतो त्यांच्या वह्यांची मागची पाने पाहावीत. कोरियन गायक, मालिकांतले नायक, सर्वांचे पुढचे किस्से तिथे लिहिलेले असतात. एका कथेत गायक तोंडावर मास्क लावून दांड्याच्या किनाऱ्यावर येतो, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासाने शिंकतो, आणि नायिका त्याला न ओळखता रस्ता सांगते. नकळत तिने जुलियाचाच पेच मांडला होता. अशी पाने फाडणाऱ्या शिक्षकांनी लक्षात ठेवावे की, सातवीतल्या असरारची पहिली गोष्टही रायडर हॅगार्ड आणि होशरुबाच्या नादातूनच निघाली होती. आदिल रशीद यांच्या ‘शाहिद’ या मुंबईच्या साप्ताहिकाने ती छापली, आणि लेखक कुणी बुजुर्ग असावा असे समजून ‘हजरत’ म्हणून छापली!

इब्ने सफींवर आमचा एक आक्षेप राहतोच. गुपिताची किंमत एकटी जुलिया मोजते. इमरानला ठाऊक, ब्लॅक झीरोला ठाऊक, आम्हा वाचकांनाही ठाऊक. आम्ही सगळे तिच्यावर हसतो. फोन ठेवल्यावर ती काय करते, परक्या देशात या आवाजापलीकडे तिचे कोण आहे, हे लेखकाने फारसे विचारले नाही. चाहत्यांनी लिहायला हवी होती ती ही कादंबरी, जुलियाच्या बाजूने. शेकडो पुस्तके निघाली, पण जिच्यात रहस्य तिच्या तोंडून उलगडते आणि इमरानला तिच्यासमोर उत्तर द्यावे लागते, असे एकही आमच्या हाती लागलेले नाही.