'इव्होल्यूशन' आणि आपली 'उत्क्रांती'

इंग्रजीतील 'इव्होल्यूशन' या शब्दासाठी मराठीत आपण सरसकट 'उत्क्रांती' हा प्रतिशब्द योजतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र गुंडाळलेला लेख उलगडणे एवढाच होता. अठराव्या शतकातील गर्भविज्ञानात, बीजात आधीच सिद्ध असलेला जीव उलगडत जातो, या मताला अनुसरून तो वापरला जाई. सैन्याच्या शिस्तबद्ध हालचालींना आणि गणितात मूळ काढण्याच्या क्रियेलाही इंग्रजीने हाच शब्द लावला. ते अर्थ येथे बाजूस ठेवू.

डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत हे नाम आढळत नाही. त्याच धातूचे एक रूप तेवढे ग्रंथाच्या अगदी अखेरच्या शब्दात येते. १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत मात्र नाम आले. आधीच ठरलेले उलगडणे हा अर्थ डार्विनच्या सिद्धान्ताशी जुळणारा नव्हता, हे त्यामागील एक कारण असावे. पुढे शब्द रूढ झाला तो मुख्यतः हर्बर्ट स्पेन्सरमुळे, आणि येताना प्रगतीची छटा घेऊन आला.

मराठीने नेमकी हीच छटा उपसर्गात पक्की केली. 'उत्' म्हणजे वर. (वेदान्तात 'उत्क्रांती' म्हणजे जीवाचे देहातून निघून जाणे, हा योगायोग मौजेचा आहे.) बंगालीतील 'विवर्तन' या शब्दात अशी चढण नाही. अंधाऱ्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्या राहून दृष्टी गमावलेला मासाही जीवशास्त्राच्या दृष्टीने उत्क्रांतच. तो वर कोठे चढला?

आपल्या विषयात तर हा घोटाळा अधिक बाधक ठरतो. 'मराठीची उत्क्रांती' असे शीर्षक प्रबंधास देताच निष्कर्ष आधीच ठरून जातो. डार्विनचा सिद्धान्त भाषांना लावणारा श्लायखर (१८६३) प्रत्ययांच्या झिजेत भाषेचा ऱ्हास पाहत होता. येस्पर्सनला १८९४ मध्ये त्याच झिजेत प्रगती दिसली. सामग्री तीच, मूल्ये मात्र उलट. संस्कृतातील द्विवचन प्राकृतातच लोपले. नपुंसकलिंग मराठीने राखले, हिंदीने सोडले. यांपैकी कोण पुढे गेले, हा प्रश्न सामग्रीतून उद्भवत नाही. तो उपसर्गातून उद्भवतो.

जीवशास्त्रातील रूढ संज्ञा बदलावी, असा माझा आग्रह नाही. भाषेपुरते 'परिवर्तन' पुरे आहे. 'विकास' मात्र नको, कारण त्यातही तोच दोष आहे. 'परिवर्तन' फारच सामान्य शब्द आहे, असा आक्षेप विद्यार्थी घेतात. मला तो त्याचा गुण वाटतो.