स्वतंत्र व्हिडिओ गेममधले जंगल आणि त्यातला माणूस

मोठ्या प्रकाशकाच्या भांडवलाशिवाय आणि त्याच्या हुकमाबाहेर, एकट्याने किंवा छोट्या चमूने घडवलेला व्हिडिओ गेम म्हणजे स्वतंत्र गेम. 2005 मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानात बाहेरच्या निर्मात्यांचे गेम विकले जाऊ लागले आणि त्याच वर्षी युनिटी हे गेम बांधण्याचे इंजिन आले. 2013 मध्ये इच.आयओ हे छोट्या निर्मात्यांसाठीचे खुले दुकान सुरू झाले. साधने आवाक्यात आली, तसे मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेले विषयही खेळात उतरले. त्यांत जंगलाचा विषय विशेष बहरला. 2013 पासून जंगलावर झालेले काही स्वतंत्र गेम कोणत्याही खेळाडूला निःसंकोच सुचवावेत इतके चांगले आहेत, आणि त्यांच्यात एक मोठी उणीवही आहे.

मोठ्या खर्चाच्या गेममध्ये जंगल दिसायला भव्य असते, पण त्याचे काम बहुधा कोठाराचे असते. 2014 च्या ‘फार क्राय 4’मध्ये हिमालयातल्या एका कल्पित देशात वाघ, गेंडे आणि अस्वले आहेत. खेळाडूने त्यांना मारून कातडी सोलायची आणि त्यातून मोठी पिशवी बनवायची, एवढाच त्यांचा मुख्य उपयोग. झाड आडोशासाठी, जनावर कच्च्या मालासाठी. स्वतंत्र निर्मात्यांकडे इतके विस्तीर्ण रान उभे करण्याइतका पैसा नसतो. म्हणून त्यांना जंगलाचा एखादाच गुण निवडून त्यावर खेळ उभारावा लागतो, आणि या मर्यादेनेच त्यांचे काम टोकदार झाले.

हे गेम तपासायला मोहर्लीचे जंगल चांगली कसोटी ठरते. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातले हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सर्वपरिचित प्रवेशद्वार. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 चे, महाराष्ट्रातले सर्वांत जुने. इथले जंगल निर्मनुष्य नाही आणि कधी नव्हते. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू या गावप्रमुखाचे देवस्थान ताडोबा तलावाकाठी आहे, आणि त्याच्याच नावावरून जंगलाला नाव मिळाले असे मानले जाते. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे लोक मोहफुले वेचायला जातात आणि उन्हाळा तापला की तेंदूपाने तोडायला. नवेगाव, जामणी यांसारखी गावे गाभा क्षेत्रातून उठून बाहेर वसली. त्या क्षेत्रात पर्यटकाला मोबाइल नेता येत नाही. वाघाचा माग गाइड काढतो तो चितळ, सांबर आणि वानरांच्या कॉलवरून, म्हणजे धोक्याच्या हाकांवरून, आणि धुळीतल्या पगमार्कवरून, म्हणजे पंजाच्या ठशांवरून. जंगलावरच्या गेमला म्हणून दोन प्रश्न विचारावेत. जंगल आपल्या नियमांनी चालते का? आणि त्यात माणूस नेमका कुठे उभा आहे?

पहिल्या प्रश्नाला सर्वांत सुंदर उत्तर ‘फायरवॉच’ देतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅम्पो सँतो या छोट्या स्टुडिओने तो 9 फेब्रुवारी 2016 रोजी आणला. 1989 च्या उन्हाळ्यात हेन्री नावाचा माणूस अमेरिकेतल्या वायोमिंगच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवण्याच्या नोकरीवर येतो. लाकडी मनोरा, कागदी नकाशा, होकायंत्र आणि वॉकीटॉकी हेच त्याचे मुख्य सामान. वॉकीटॉकीच्या दुसऱ्या टोकाला डेलायला ही त्याची वरिष्ठ. दोघांची भेट होत नाही, फक्त बोलणे होते, आणि त्या बोलण्यातून आजारी पत्नीपासून दूर पळालेल्या हेन्रीचे मन उलगडते. गेममध्ये कुणाला मारायचे नाही. चालणे, वाट हुडकणे, लांबवरचा धूर ओळखणे हाच खेळ. उन्हाळाभर जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी मोकळे केलेले पट्टे) साफ ठेवणारे आणि धुरावर डोळा ठेवणारे मोहर्लीचे वनरक्षक हे काम ओळखतील. नकाशावर आपले ठिकाण दाखवणारा ठिपका सेटिंगमधून बंद करता येतो आणि तो जरूर बंद करावा, म्हणजे रानाची दिशा खरोखर शिकावी लागते. गेमची कमजोरी उत्तरार्धात आहे. रहस्य जितके ताणले जाते तितके ते फेडले जात नाही, आणि जनावरे तर जवळजवळ दिसतच नाहीत. तरीही चार-पाच तासांत एकांत आणि जबाबदारी यांची इतकी नेमकी सांगड दुसऱ्या कुठल्या गेमने क्वचितच घातली असेल.

दुसरी धारा जनावराच्या बाजूने खेळण्याची. स्टॉकहोमच्या माइट अँड डिलाइट या स्टुडिओचा ‘शेल्टर’ 2013 मध्ये आला. त्यात खेळाडू बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याची मादी होतो आणि पाच पिल्लांना घेऊन रान पार करतो. पिल्लू उपाशी असेल तर त्याचा रंग फिका पडत जातो. पडद्यावर ना आकडा ना पट्टी, आईला नजरेनेच कळावे लागते की कुणाला घास द्यायचा. वरून शिकारी पक्षी झडप घालतो, एका टप्प्यात वणवा लागतो. एखादे पिल्लू गेले तरी खेळ थांबत नाही, उरलेल्यांना घेऊन पुढे जावे लागते. रानात पिल्ले वाढवण्याचा हिशेब असाच असतो, आणि ‘शेल्टर’ तो न सजवता मांडतो. 2015 च्या ‘शेल्टर 2’मध्ये लिंक्स या रानमांजराची मादी येते. तो अधिक मोकळा आहे, पण पहिल्याची धार त्यात नाही.

बार्सिलोनाच्या हीरोबीट स्टुडिओजचा ‘एंडलिंग : एक्स्टिंक्शन इज फॉरेव्हर’ (जुलै 2022) हीच कल्पना विनाशाच्या काळात नेतो. जगातली शेवटची कोल्हीण पिल्लांना जगवते. एक पिल्लू माणूस पळवून नेतो आणि त्याचा माग रात्रीमागून रात्री काढायचा असतो. परिसर रोज बदलतो, काल जिथे झाडे होती तिथे आज कापलेली खोडे. 2023 मध्ये मनोरंजनापलीकडे जाणाऱ्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कार त्याला मिळाला, आणि तो योग्यच होता. पण दुसरा प्रश्न इथे बोचतो. ‘एंडलिंग’मधला माणूस बहुतेक वेळा फक्त धोका आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत वाघाच्या हल्ल्यात मरणारा माणूस बहुधा गुराखी, शेतकरी किंवा सरपण आणि पाने गोळा करणारी बाई असते. तिची गरज आणि वाघिणीची गरज एकाच पाणवठ्यावर येतात. हा पेच खलनायक दाखवून सुटत नाही, आणि गेमने तो टाळल्यामुळे त्याचे दुःख खरे असूनही एकांगी राहते.

‘आल्बा : अ वाइल्डलाइफ ॲडव्हेंचर’ हा लंडनच्या यूस्टू गेम्सचा गेम (डिसेंबर 2020) या दृष्टीने पुढे जातो. भूमध्य समुद्रातल्या बेटावर आजी-आजोबांकडे सुट्टीला आलेली आल्बा पक्ष्यांचे फोटो काढते, त्यांची ओळख पटवते, कचरा उचलते, मोडके पूल दुरुस्त करते. राखीव रानावर हॉटेल उभे राहू नये म्हणून ती गावकऱ्यांच्या सह्या गोळा करते. इथे गाव आणि रान एकाच नकाशावर आहेत, आणि रान वाचते ते गावाच्या संमतीने. खेळ सोपा आहे, विरोध फार लवकर विरघळतो, पण आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींसोबत खेळायला याहून चांगली सुरुवात नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या केप टाउनमधल्या फ्री लाइव्ह्जचा ‘टेरा निल’ (मार्च 2023) हा शहर बांधण्याच्या गेमची उलटी चाल आहे. ओसाड भूमी दिलेली असते. माती शुद्ध करायची, पाणी खेळवायचे, गवत आणायचे आणि मग ठरवून आग लावायची, कारण राखेच्या कसावरच पुढचे रान उगवते. आग ही शत्रूही आणि हत्यारही, ही जाळरेषा जाळणाऱ्यांना माहीत असलेली गोष्ट इथे नियम बनून येते. शेवटी उभारलेली सगळी यंत्रे मोडून, गोळा करून निघून जायचे. स्वतःची खूण पुसणे हाच विजय, ही कल्पना थोर आहे. पण या सावरलेल्या भूमीत परत येतात ती फक्त जनावरे, माणसे नाहीत. आकाशातून पाहणाऱ्या हातासाठी जंगल रिकामे करणे सोपे असते. नवेगाव-जामणीची उठलेली घरे आठवली की या रिकामेपणाची किंमत कळते.

दुसऱ्या प्रश्नाला सर्वांत भरीव उत्तर आले ते आदिवासी समाजांनी स्वतः गेममध्ये हात घातला तेव्हा. अलास्कातल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या संस्थेने ई-लाइन मीडियाबरोबर ‘नेव्हर अलोन’ हा गेम घडवला (नोव्हेंबर 2014). न थांबणाऱ्या हिमवादळाचे मूळ शोधायला नूना ही मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा निघतात. रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड या कथकाने सांगितलेली गोष्ट त्यांच्या मुलीच्या परवानगीने घेतली आणि निवेदन त्या समाजाच्या इन्युपियाक भाषेत ठेवले. खेळता खेळता समाजातल्या वडीलधाऱ्यांच्या चित्रफिती उघडत जातात. 2015 मध्ये पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार त्याला मिळाला. हाताळणी काही ठिकाणी अडखळते. म्हणून तो दोघांनी खेळावा, एकाने मुलगी आणि एकाने कोल्हा. मार्च 2023 चा ‘चिया’ हा प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियातून आलेल्या निर्मात्यांच्या अवासेब स्टुडिओचा गेम. त्यातली मुलगी पक्ष्यात, माशात, अगदी दगडातही जीव नेऊ शकते, आणि संवाद तिथल्या भाषांत आहेत.

भारतातले स्वतंत्र गेम अजून जंगलाकडे फारसे वळलेले नाहीत, पण त्यांची तयारी दिसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ 2020 मध्ये आणला. 2017 ची लोकवर्गणीची मोहीम फसल्यानंतरही चमूने तो पुरा केला. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या यांतून त्याचे रूप घडले, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला सर्वोत्तम पदार्पणाचे नामांकन मिळाले. त्यातली लढाई ठरावीक वळणाची आहे, पण दृश्याची श्रीमंती अस्सल आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगत, वापीजवळच्या चाला इथे स्टुडिओ ओलियोमिंगस वसाहतकाळाच्या आठवणींवर अद्भुत वास्तूंचे छोटे गेम करतो. त्यांचा ‘अ म्यूझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स’ (2018) जरूर पाहावा. टोरोंटोच्या विसाई गेम्सचा ‘वेण्बा’ (2023) तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकघरावर उभा आहे. 2024 च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये तो सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला. एका घरातला पदार्थ जगभरच्या खेळाडूंना आपला वाटत असेल, तर एका गावाचे जंगलही वाटेल.

मराठीत सामग्रीची कमतरता नाही. वाघ-बकरीच्या पटावर मोजके वाघ आणि पुष्कळ बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी घेतो, बकऱ्या मिळून वाघाला कोंडतात. दोन बाजूंचे बळ वेगवेगळे ठेवून खेळ तोलायचा कसा, याचा हा जुना धडा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींची रानातली पुस्तके विदर्भाचे जंगल त्यातल्या माणसांसह मराठीत आणतात. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. बांबू किती तोडायचा आणि किती राखायचा हे ग्रामसभेने ठरवणे, हा कोणत्याही डावपेचाच्या गेमला पुरेल असा विषय आहे. कॉल ऐकून दिशा ठरवणारी गाइड, मोह वेचणारी बाई आणि पिल्लांसाठी पाणवठा राखणारी वाघीण, या तिघींच्या बाजूने आळीपाळीने खेळला जाणारा गेम अजून कुणी केलेला नाही.

मोठी अडचण भाषेची होती. वर उल्लेखलेला एकही परदेशी गेम मराठीत खेळता येत नाही. पुष्कळ इंजिनांत देवनागरीची जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी बसते, म्हणून निर्माते इंग्रजीकडे वळत. 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 या मोफत, मुक्त इंजिनात देवनागरी नीट उमटते. तेव्हा मराठीत, आणि पुढे इथल्या आदिवासींच्या गोंडी-माडियात, गेम करायला तांत्रिक सबब उरलेली नाही.

नव्या खेळाडूने ‘आल्बा’ने सुरुवात करावी, मग ‘फायरवॉच’ आणि ‘शेल्टर’ घ्यावेत. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी ‘एंडलिंग’ आणि ‘नेव्हर अलोन’च्या मोबाइल आवृत्त्या निघालेल्या आहेत. डोके चालवायची हौस असलेल्यांना ‘टेरा निल’ आवडेल. आणि ज्यांना स्वतः गेम करायचा आहे त्यांनी सर्वांत आधी ‘नेव्हर अलोन’ खेळावा, कारण जंगलाची गोष्ट तिथे राहणाऱ्यांना विचारून सांगितली की ती अधिक खरी आणि खेळ म्हणूनही अधिक समृद्ध होते, हे त्याने करून दाखवले आहे.