एकाच बांधावरून

दिवाळीला नव्या दिनदर्शिका घरी आल्या की मी त्यांत मराठवाडा शोधतो. सापडलाच तर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा सापडतो, तोही भर पावसाळ्यातला. वर्तमानपत्रांत मात्र आमच्या वाट्याला भेगाळलेली जमीन येते. एक चित्र कौतुकाचे, दुसरे कीव यावी म्हणून काढलेले.

माझी तक्रार या दुसऱ्या चित्राविषयी अधिक आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून बालाघाटावरच्या भारी रानात पाऊसपाणी चांगले झालेल्या वर्षीही वैशाखात भेगा पडतातच. वरची माती त्यांत पडून जमीन आपली आपणच उलथत असते. छायाचित्रकार ज्याला दुष्काळ म्हणतो, तो पुष्कळदा नुसता उन्हाळा असतो! खरा दुष्काळ लातूरने २०१६ साली पाहिला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तो दुष्काळ घागरींच्या रांगांत दिसत होता. त्यासाठी भेगांची साक्ष काढण्याचे कारण नव्हते.

मग या मुलखाचे चित्र काढावे तरी कसे? मला वाटते, औशाकडचा एखादा बांध धरावा आणि वर्षभर तेथूनच पाहावे. मृगात ओले काळेभोर रान, श्रावणात सोयाबीन, पौष-माघात ज्वारीची कणसे आणि शेजारी पिवळी-केशरी करडई, वैशाखात त्याच भेगा. ही चित्रे ओळीने लावली, तर पाहणारा हळहळणार नाही. भेगांपाशी थांबून तो एवढेच विचारील, “आता पाऊस कधी?” बांधाचा धनीही तेच विचारीत असतो.