पदक कोणी दिलं? भोपाळच्या तीन बेगमांची छायाचित्रं आणि आपली दागिन्यांविषयीची समज

भोपाळच्या बेगमांची जुनी छायाचित्रं अलीकडे सगळीकडे दिसतात. हेरिटेज वॉकच्या पत्रकांवर, कॅलेंडरवर, हॉटेलच्या भिंतींवर, आणि मोबाइलवर तर रोजच. खालच्या ओळी ठरलेल्या असतात. ‘शाही वैभव’, ‘बेगमांचा थाट’, ‘परंपरा आणि आधुनिकतेचा संगम’. दागिन्यांवर कुणी लिहिलंच, तर मोती किती, हिरे कुठले आणि आजच्या भावाने त्याचे किती होतील, एवढंच. माझी तक्रार या ओळींबद्दल आहे. त्या खोट्या नाहीत. पण त्यातून काही कळत नाही.

मी पेशाने इंजिनीयर. इतिहास मागाहून, स्वतःच वाचत शिकलो. ड्रॉइंगमध्ये एखादा भाग दिसला की आम्ही लोक दोन गोष्टी विचारतो : हा इथे कशासाठी, आणि काढला तर काय होईल? दागिन्यालाही हेच प्रश्न जरा बदलून लावता येतात. हा दिला कोणी? आणि काढून घ्यायचा अधिकार कोणाचा? या दोन प्रश्नांनी जुनी छायाचित्रं पाहिली, तर ‘थाट’ हा शब्द फार अपुरा वाटायला लागतो.

सुरुवात घराजवळून करू. सांची भोपाळपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तिथल्या तोरणांवरची यक्षी सगळ्यांना ठाऊक असते. हातभर बांगड्या, पायांत जाड वाळे, कमरेला मेखला. पण जरा थांबून पाहिलं, तर तिथले पुरुषही काही कमी नटलेले नाहीत. राजे, द्वारपाल, यक्ष, सगळ्यांच्या कानांत, गळ्यात, मनगटावर काही ना काही आहेच. दागिना म्हणजे बायकांची हौस, ही समजूत दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडात कुठे सापडत नाही. पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग कोरला आहे. घोडा आहे, वर छत्र आहे, पण स्वार दाखवलेला नाही. कथा अशी की पुढे सिद्धार्थाने अंगावरचे दागिने उतरवून सारथी छंदकाच्या हाती दिले आणि त्याला परत पाठवलं. दागिने उतरवले की राजपुत्रपण संपलं. म्हणजे ते दागिने सौंदर्यासाठी नव्हते, ते पद होतं.

आता एक मराठी शब्द घ्या : पदक. आज पदक म्हटलं की डोळ्यांपुढे ऑलिंपिक येतं, नाहीतर पोलीस पदक. पण आपल्या जुन्या बोलीत पदक म्हणजे गळ्यातल्या माळेच्या मधोमध छातीवर येणारा दागिना. एकच शब्द आधी दागिन्याला होता, मग सन्मानाला गेला. हे उगाच झालेलं नाही. दरबारात सन्मान दागिन्यानेच व्हायचा. पेशवाईत पोशाखाबरोबर शिरपेच, मोत्यांची कंठी, कानातला चौकडा बहुमान म्हणून देत. हातात सोन्याचं कडं घालणं म्हणजे शाबासकी. आजही कुणी परीक्षेत पहिला आला की आपण त्याच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवतोच. पगडी गेली, पण तुरा राहिला.

मोगलांकडे हेच आणखी उघड होतं. जहांगीरने १६१४ साली आजारातून उठल्यावर ख्वाजा मुइनुद्दीन चिश्तींचा सेवक म्हणून कान टोचून मोती घातले, आणि बघता बघता दरबारी मंडळींनीही आपापले कान टोचून घेतले. इंग्रज वकील टॉमस रो याला त्याने सोन्याच्या साखळीत स्वतःची छबी दिली. बादशहाचं चित्र अंगावर वागवणं म्हणजे आपण कोणाचे आहोत हे न बोलता सांगणं. ही छबी लक्षात ठेवा, अडीचशे वर्षांनी ती पुन्हा येणार आहे.

१८५७ साली सीहोरची फौज उठली, तेव्हा सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूने उभ्या राहिल्या. बंड मोडल्यावर हिशेब झाला. धारच्या पवारांकडून काढून घेतलेला बैरसिया परगणा भोपाळला मिळाला. कारभार मुलीच्या नावाने चालत होता, तो आता बेगमांच्या स्वतःच्या नावावर मान्य झाला. आणि १ नोव्हेंबर १८६१ रोजी अलाहाबादच्या दरबारात लॉर्ड कॅनिंगने त्यांना नव्याकोऱ्या ‘स्टार ऑफ इंडिया’चं पदक दिलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदेही त्याच दरबारात त्याच पदकाचे मानकरी होते. पदकाच्या मधोमध काय होतं? राणी व्हिक्टोरियाची कोरीव छबी. जहांगीरची युक्ती इंग्रजांनी जशीच्या तशी उचलली, फक्त चेहरा बदलला.

पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, जेम्स वॉटरहाउस हा लष्करी अधिकारी कॅमेरा घेऊन भोपाळला आला. सरकारला हिंदुस्थानातल्या लोकांच्या ‘जाती-जमातीं’ची छायाचित्रं हवी होती. बेगमांनी स्वतःची, मुलीची आणि घरातल्या बायकांची छायाचित्रं काढू दिली. त्यांतली काही पुढे ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथात छापली गेली. इथे थांबायला हवं. अलाहाबादला जी बाई राणीच्या सन्मानाची मानकरी, तीच या ग्रंथात नमुना. ज्या सरकारने छातीवर तारा लावला, त्याच सरकारने त्यांना सरदार, फकीर, भिल्ल, बंजारे यांच्या शेजारी एका पानावर बसवलं. छायाचित्राची प्रत सुंदर आहे, प्रकाश मऊ आहे, वॉटरहाउस कसलेला माणूस होता. पण ‘शाही पोर्ट्रेट’ म्हणून ते आज शेअर करताना ते कशासाठी काढलं होतं हे सांगायला नको का?

सिकंदर बेगम स्वतः दागिन्यांकडे कशा पाहत असतील, याचा एक धागा फ्रेंच प्रवासी लुई रूसले याच्याकडे मिळतो. तो १८६७ मध्ये भोपाळला आला होता. घट्ट पायजमा, भरतकाम केलेलं जाकीट आणि कमरेला कट्यार, असं त्याने बेगमांचं वर्णन केलं आहे. त्याला त्यात बाईपण कमी वाटलं. मला त्यात हिशेबीपणा दिसतो. बाई म्हणून मिळालेले दागिने बाप, नवरा, सासर यांची नावं सांगतात. कट्यार आणि तारा राज्याचं नाव सांगतात. पडदा न पाळणाऱ्या, घोड्यावरून मुलूख फिरणाऱ्या या राज्यकर्तीने अंगावर काय राहू द्यायचं हे नीट निवडलं होतं.

दुसरं छायाचित्र शाहजहान बेगमांचं, ‘स्टार ऑफ इंडिया’च्या झग्यातलं. त्यांना हा सन्मान १८७२ मध्ये मुंबईच्या दरबारात मिळाला. आईने पडदा टाकला होता, या मात्र दुसऱ्या लग्नानंतर पडद्यात गेल्या. या छायाचित्राखाली ‘सन्मानाचा क्षण’ असं लिहिणाऱ्यांनी १८८५ हे सालही लिहावं. त्या वर्षी इंग्रजांनी त्यांचे पती सिद्दीक हसन खान यांचे किताब आणि तोफांची सलामी काढून घेतली. ‘नवाब’ म्हणवून घेणंही गेलं. बेगम राज्यावर होत्या, खजिना त्यांचा होता, पण नवऱ्याचा मान राखणं त्यांच्या हाती नव्हतं. दुसरा प्रश्न तो हाच. शिरपेच कितीही रत्नजडित असो, देणारा तो परत मागू शकतो. परगणा काढून घ्यायला निदान फौज लागायची. इथे एक पत्र पुरलं.

तिसरं छायाचित्र सगळ्यांत प्रसिद्ध. सुलतान जहान बेगम, १९११ च्या दिल्ली दरबाराच्या काळातल्या. अंगावर बुरखा, त्यावर मुकुट, छातीवर पदकं आणि तारे. ‘संगम’ हा शब्द याच छायाचित्राखाली सर्वांत जास्त वापरला जातो. मला इथे संगम दिसत नाही, एक कडक वाटणी दिसते. घरचे दागिने असतील, तर ते कापडाच्या आत आहेत आणि आपल्याला कधीच दिसणार नाहीत. बाहेर जे आहे ते सगळं सरकारी. ओळख पटवायला चेहरा नाही, म्हणून चेहऱ्याचं काम पदकांनी केलं आहे. बुरख्यावर दुसऱ्या कुणी तोच मुकुट आणि तेच तारे चढवले असते, तर दूर उभ्या असलेल्या माणसाने तिलाही मुजरा केला असता. आजी, आई आणि नात, तीन छायाचित्रांत बाईचा दागिना हळूहळू पदाचा बिल्ला झाला. माझ्या मते हे छायाचित्र कलाकृती म्हणून तिघांत सर्वांत ताकदीचं आहे, कारण ते हे लपवत नाही.

कुणी म्हणेल, ही राजेरजवाड्यांची गोष्ट, साधारण माणसाला याचं काय? उत्तरासाठी जरा लांब जाऊ, पण निघू आपल्याच मुलखातून. इंदूरजवळच्या महूला १८९१ साली जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना जे सांगितलं, त्यात दागिन्यांचा मुद्दा ठळक होता. गळ्यात भाराभर गळसऱ्या, हातांत कोपरापर्यंत कथलाच्या किंवा चांदीच्या पाटल्या, ही अस्पृश्यतेची ओळखखूण आहे, ती टाका, असं त्यांचं सांगणं होतं. दागिन्यांवरचं याहून नेमकं भाष्य मी वाचलेलं नाही. माझे दोन प्रश्न तिथे थेट भिडतात. तुमच्या अंगावर हे कोणी ठरवलं? आणि उतरवायचा अधिकार कोणाचा? दुसऱ्याचं उत्तर त्यांनी दिलं : तुमचा स्वतःचा. बेगमांच्या छातीवरचा हिऱ्यांचा तारा आणि त्या बायकांच्या हातातली कथलाची पाटली, किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर. काम मात्र एकच, समोरच्याला तुमची पायरी सांगणं. आपली दागिन्यांवरची पुस्तकं आणि प्रदर्शनं पहिल्याला काचेच्या पेटीत ठेवतात आणि दुसरी ‘लोककला’ या सदरात टाकतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहायला हव्यात.

‘पण दागिना ही बाईची बँक आहे’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. खरं आहे. अडीअडचणीला पाटल्या गहाण पडल्या आणि मुलांची शिक्षणं झाली, अशी घरं आपल्या भोपाळच्या मराठी वस्तीतही खूप आहेत. पण बँकेत खातं कोणाच्या नावावर, हे विचारावं लागतं. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची, पूर्ण मालकीची मालमत्ता आहे, सासरचे फक्त ती सांभाळायला घेतात, हे सर्वोच्च न्यायालयाला १९८५ मध्ये ठणकावून सांगावं लागलं. सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

सरकारचाही या खात्यात हात होताच. चीनच्या युद्धात बायकांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीला दिलं. पाठोपाठ जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवे दागिने १४ कॅरटच्या वर घडवायला बंदी झाली. कारागीर देशोधडीला लागले. १९६८ चा कायदा शेवटी १९९० मध्ये रद्द झाला. आणि आता हॉलमार्क. प्रत्येक दागिन्यावर सहा आकडी-अक्षरी क्रमांक कोरलेला असतो. इंजिनीयर म्हणून मला ही व्यवस्था आवडते. फसवणूक थांबते, शुद्धता कळते. पण एक लक्षात घ्या, या क्रमांकावरून कस कळतो, दागिना कोणी कोणाला दिला ते कळत नाही.

आणि नेमकं तेच आपण वेगाने गमावतो आहोत. चौकातल्या सराफांकडे लग्नसराईत जाऊन बसा. जुनी चिंचपेटी, गोठ, वजरटीक काट्यावर येतात, तूट वजा होते, मोड म्हणून भाव ठरतो, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा रस झालेला असतो. आटवणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याचं ते काम आहे. घरच्यांनाही नाही, नव्या सुनेला नवी घडण हवी असते. पण सोनं आटतं तेव्हा त्याच्याबरोबर एक नातंही आटतं. ‘हे तुझ्या आजीला तिच्या मामाने दिलं, घर फुटलं तेव्हा तिने ते कमरेला बांधून आणलं’ हे वाक्य काट्यावर चढत नाही, म्हणून पावतीवरही येत नाही.

संग्रहालयांनी आणि वॉक नेणाऱ्यांनी पाटी लिहिताना किंमत आणि कॅरट खाली ढकलावेत आणि वर तीन ओळी लिहाव्यात : दिलं कोणी, कोणत्या प्रसंगी, परत मागायचा हक्क कोणाला होता. सिकंदर बेगमांच्या छायाचित्राखाली अलाहाबादबरोबर बैरसियाही यावा, शाहजहान बेगमांच्या खाली १८८५ यावं. आणि तुम्हा वाचकांना विनंती अशी, की मोडीला देण्यापूर्वी दागिन्याचा मोबाइलवर एक फोटो काढा, वजन आणि कोणाकडून आला ते एका कागदावर लिहा, आणि तो कागद नव्या दागिन्याच्या डबीत ठेवा. आपल्या मंडळाकडे अशा चिठ्ठ्यांची छायाप्रत दिलीत, नावं झाकून दिलीत तरी चालेल, तर भोपाळच्या साध्या घरांतल्या दागिन्यांची पहिली नोंदवही तयार होईल. बेगमांच्या पदकांची नोंद इंग्रजांनी ठेवली होती. आपल्या आजीच्या गोठांची नोंद आपल्यालाच ठेवायची आहे.