पाठातली नदी आणि टेंभुर्णीची भीमा

भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकाने फळ्यावर ती आकृती एकदा तरी काढलेली असते. डावीकडे डोंगर, त्यातून उड्या मारत येणारी नदी, मध्ये रुंद होत जाणारी दरी, उजवीकडे सपाटीवरची नागमोडी वळणे आणि शेवटी समुद्राकाठचा त्रिभुज प्रदेश. खाली तीन शब्द : युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था. खनन, वहन आणि संचयन ही कामे या तीन अवस्थांना वाटून दिलेली. आकृती देखणी आहे, लक्षात राहते आणि परीक्षेत हमखास गुण मिळवून देते. आमची तक्रार एवढीच, की सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या वर्गात ही आकृती काढली, तर जवळून वाहणारी भीमा तिच्यात कुठेच बसत नाही.

आधी आकृतीचे मूळ पाहू. भूरूपांच्या चक्राची ही कल्पना अमेरिकी भूगोलज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी १८९९ साली सविस्तर मांडली. जमीन एकदा उचलली जाते, मग पाणी तिला झिजवत नेते आणि या झिजेत भूप्रदेश तरुण, प्रौढ, वृद्ध होत जातो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे या अवस्था काळातल्या होत्या, लाखो वर्षांत एकाच प्रदेशाला येणाऱ्या. शालेय आकृतीने त्या उचलून उगमापासून मुखापर्यंत अंतरावर पसरल्या. नदी डोंगरात तरुण आणि सपाटीवर म्हातारी, हे डेव्हिस यांच्या मूळ विचाराचे रूपांतर आहे, आणि ते मूळ विचाराहून कच्चे आहे.

भीमेकडे पाहिले की हा कच्चेपणा उघडा पडतो. भीमाशंकरला सुमारे हजार मीटर उंचीवर उगम पावलेली ही नदी आपला बराचसा उतार सुरुवातीच्या थोड्या अंतरातच संपवते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांच्या दऱ्या माथ्याजवळच पुष्कळ उघड्या आणि रुंद आहेत. पाठाच्या भाषेत त्या जन्मतःच प्रौढ. उलट टेंभुर्णीच्या बाजूला, जिथे नदी ‘वृद्ध’ असायला हवी, तिथे काठावर जाऊन पाहावे. गाळाचे उंच काठ, त्यांना चिरत गेलेल्या घळी आणि पात्रात जागोजाग उघडा पडलेला काळा खडक दिसेल. नदी इथे स्वतःच पूर्वी टाकलेला गाळ कापत आहे. हे संचयन की खनन? विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिलेले लिहिले, तर त्याला गुण मिळणार नाहीत.

याचे उत्तर वयात नाही, हवामानात आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शरद राजगुरू यांनी दख्खनच्या नद्यांचा गाळ अनेक वर्षे अभ्यासला. विश्वास काळे यांच्यासह त्यांनी १९८७ साली ‘नेचर’मध्ये या नद्यांचा अलीकडचा इतिहास मांडला. ढोबळमानाने तो असा : शेवटच्या हिमयुगात मोसमी पाऊस दुबळा होता, नद्यांना गाळ पुढे नेण्याचे बळ नव्हते, म्हणून त्यांनी दऱ्या भरल्या. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा जोमदार झाला आणि त्याच नद्या त्या भरावात खोल उतरल्या. नदी तीच, दरी तीच, काम मात्र उलटे. हा भाग पाठात दोन ओळींतही येत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते, कारण ओढ्याच्या उघड्या काठावर खाली गोटे, त्यावर वाळू आणि वर पोयटा असे थर शोधायला वर्गाला नेणे अवघड नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. या आकृतीत माणूस नाही. तो पुढच्या एखाद्या पाठात ‘धरणांचे फायदे’ घेऊन येतो. जणू नदी आपले काम संपवून बसली आणि मग अभियंते आले. भीमेच्या खोऱ्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध आणि चर सापडला. नदीच्या वागण्यात ढवळाढवळ करणे इथे शेतीइतकेच जुने आहे.

आज त्या ढवळाढवळीचे माप मोठे आहे. टेंभुर्णीजवळचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट (टीएमसी), पैकी उपयुक्त ५३.५७. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी ‘मृत’! वर्तमानपत्रात ‘उजनी वजा तीस टक्के’ असे वाचून मुले विचारतात, पाणी वजा कसे होईल? कालव्याचे पाणी उताराने शेतात पोचायचे, तर त्याचे तोंड उंचावर ठेवावे लागते. त्या पातळीखालचे पाणी कालव्यात येत नाही, पण नदीत सोडता येते. म्हणून शून्याखालची मोजणी.

आता एक गणित. उपयुक्त साठ्याची तळपातळी ४९१.०३ मीटर आणि पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर. फरक अवघा ५.८ मीटर. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, तेव्हा ५३.५७ टीएमसी म्हणजे सुमारे १५२ कोटी घनमीटर. भागाकार केला, तर पाण्याचा सरासरी पसारा २६० चौरस किलोमीटरच्या आसपास येतो. इतके पातळ आणि इतके पसरट पाणी भीमेच्या रुंद, उथळ दरीमुळे साठले, आणि ती दरी नदीने घडवलेली. वर्षाला दीड मीटर बाष्पीभवन धरा, जवळजवळ १४ टीएमसी पाणी हवेत जाते. जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि रान उसाचे. त्यात ही तूट. निसर्गाने दिलेला आकार आणि माणसाने घेतलेला निर्णय यांतले कोणते एक वगळून हा हिशेब मांडता येईल?

धरणाच्या दोन बाजूंना नदी दोन तऱ्हांनी वागते. वर, फुगवट्यात, पाणी थबकते आणि गाळ बसतो. पुण्याचे सांडपाणीही मुळा-मुठेतून इथेच येते. त्याच फुगवट्याच्या चिखलटाणांवर भिगवणजवळ रोहित पक्षी उतरतात, आणि धरणाने नदी मारली असे म्हणणाऱ्यांची पंचाईत होते. खाली सुटणारे पाणी वाळू वरच ठेवून आलेले असते. त्यामुळे पात्रातून उपसलेल्या वाळूची भरपाई करायला वरून नवी वाळू फारशी येत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६ च्या वसंतात आठवडाभर मुद्दाम मोठे पाणी सोडले होते, खालच्या वाळूच्या पट्ट्या पुन्हा भराव्यात म्हणून. पुराचेही काही काम असते, हे मान्य करणारा तो प्रयोग होता.

पंढरपुरात मात्र पूर वेगळ्या अर्थाने कळतो. धरण भरायचे तर पावसाळा सरण्याआधी ते काठोकाठ हवे, पूर झेलायचा तर त्यात मोकळी जागा हवी. दोन्ही एकदम जमत नाही. त्यात नीरा नदी भीमेला मिळते ती धरणाच्या खाली, नरसिंहपूरला. चंद्रभागेचे पाणी म्हणजे उजनीचा विसर्ग, अधिक नीरेचा, अधिक मधल्या ओढ्यांचा. २०२० च्या ऑक्टोबरात पाऊस जिल्ह्यावरच कोसळला, तेव्हा उजनी आधीच भरलेले होते. ‘धरणातून पाणी सोडले म्हणून पूर आला’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे असते, आणि ‘अतिवृष्टीमुळे पूर आला’ हेही अर्धेच. नदीकाठी घर असलेल्या मुलाला ही दोन अर्धी वाक्ये जोडता आली पाहिजेत. आमच्या मते नदीच्या पाठाची खरी परीक्षा हीच आहे. त्रिभुज प्रदेशाची व्याख्या भीमेच्या मुलांना तशीही दुरूनच पाहायची आहे, कारण भीमा समुद्राला मिळतच नाही, कृष्णेला मिळते.

खनन, वहन, संचयन हे तीन शब्द टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. ते भक्कम आहेत. तीन अवस्थांच्या खोक्यांतून त्यांना बाहेर काढले, की कोणत्याही जागी, कोणत्याही ऋतूत विचारता येतात : इथे आत्ता नदी काय करते आहे, आणि तिला ते कोण करू देते आहे?

माढा तालुक्यात तर दुसरी नदी तुलनेला तयारच आहे. पूर्वेकडून जाणारी सीना अहिल्यानगरजवळच्या कमी पावसाच्या मुलखातून येते आणि उन्हाळ्यात आटण्याची तिची रीत. उजनीचे पाणी आता बोगद्यातून तिच्यात सोडले जाते, म्हणजे सह्याद्रीचा पाऊस डोंगराखालून वाट काढून परक्या पात्रात वाहतो. त्याच सीनेला २०२५ च्या सप्टेंबरात स्वतःच्या पावसाने महापूर आला आणि माढा-मोहोळची गावे पाण्यात गेली. दोन्ही नद्या तालुक्याच्या नकाशावर शेजारी काढाव्यात, बोगदा तुटक रेषेने दाखवावा आणि प्रत्येकीवर बाराही महिन्यांचे पाणी कुठून येते ते मुलांना लिहायला सांगावे.